इलेक्ट्रॉन संरूपण

अणुकेंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची कवचे, उपकवचे (कवचांचे भाग) व कक्षके (प्रत्येकी जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉनांच्या जागा) यांत जी वाटणी झालेली असते, तिला त्या अणूचे इलेक्ट्रॉन संरूपण म्हणतात. सोडियमसाठी २, ८, १ असे लिहिण्याची रीत शालेय पुस्तकांतून परिचित आहे. प्रस्तुत नोंदीत एस, पी, डी व एफ या उपकवचांपुरता विचार केला आहे.

संरूपण ठरवण्याचा मुख्य आधार वर्णपट हा आहे. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकल्यावर दिसणारा पिवळा रंग ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन रेषांमुळे येतो. सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन ३पी (म्हणजे तिसऱ्या कवचातील पी उपकवच) मधून ३एस मध्ये परतताना हा प्रकाश बाहेर पडतो. याच मालिकेतील पुढच्या रेषा जंबुपार भागात एकमेकींच्या अधिकाधिक जवळ येत जातात व सुमारे २४१ नॅनोमीटरपाशी मालिका संपते. या सीमेशी निगडित ऊर्जा म्हणजेच सोडियमची पहिली आयनीभवन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून टाकण्यास लागणारी ऊर्जा), प्रतिमोल सुमारे ४९६ किलोजूल, होय.

उपकवचांची क्षमता २, ६, १०, १४ अशी प्रथम कोणी मांडली, याविषयी एकमत नाही. नील्स बोर यांनी १९२१ ते १९२३ या काळात केलेल्या मांडणीत कवचातील इलेक्ट्रॉन उपकवचांत समसमान वाटलेले होते. १९२४ मध्ये एडमंड स्टोनर यांनी क्ष-किरण वर्णपटांतील ऊर्जापातळ्यांच्या आधारे आणि जॉन डेव्हिड मेन स्मिथ यांनी प्रामुख्याने रासायनिक पुराव्यांवरून, स्वतंत्रपणे, सुधारित वाटणी सुचवली. श्रेय सहसा स्टोनर यांना दिले जाते, मात्र दोघांचा एकत्र उल्लेख करणे अधिक न्याय्य दिसते. वोल्फगांग पाउली यांच्या १९२५ च्या अपवर्जन तत्त्वाने (एकाच अणूतील दोन इलेक्ट्रॉनांचे सर्व पुंजांक सारखे असू शकत नाहीत) या संख्यांना सैद्धांतिक बैठक मिळाली.

भरणीच्या क्रमाचा नियम, म्हणजे मुख्य पुंजांक (कवचाचा क्रमांक) व दिगंशी पुंजांक (एस, पी, डी, एफ यांसाठी अनुक्रमे ०, १, २, ३) यांची बेरीज जिथे कमी ते उपकवच आधी भरते हा नियम, बहुधा माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९३६ मध्ये छापला; शार्ल जाने यांच्या १९२८ नंतरच्या सारण्यांत मात्र हाच क्रम आढळतो. हा नियम स्मरणासाठी सोयीचा असला तरी तो ऊर्जापातळ्यांचा कायमचा क्रम सांगतो असे मानू नये. पोटॅशियम व कॅल्शियम यांत ४एस आधी भरते हे खरे; पण स्कँडियमपासून पुढे ३डी ची पातळी खाली जाते आणि आयन बनताना ४एस मधील इलेक्ट्रॉन आधी निघतात. म्हणूनच लोहाच्या द्विधन आयनात ३डी मध्ये ६ इलेक्ट्रॉन असतात व ४एस रिकामे असते. क्रोमियममध्ये ३डी मध्ये ५ व ४एस मध्ये १ इलेक्ट्रॉन असतो. अर्ध्या भरलेल्या उपकवचाचे स्थैर्य हे याचे प्रचलित कारण पुरेसे वाटत नाही, कारण त्याच गटातील टंगस्टनमध्ये ५डी मध्ये ४ व ६एस मध्ये २ इलेक्ट्रॉन असतात.

आवर्तसारणीच्या आवर्तात (आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे परिणामी केंद्रकीय भार, म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला प्रत्यक्ष जाणवणारा केंद्रकाचा भार, वाढत असल्याने अणुत्रिज्या सामान्यतः घटते व आयनीभवन ऊर्जा वाढते; गटात वरून खाली याच्या उलट घडते. दुसऱ्या आवर्तात लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्ल्युओरीन १६८१ व निऑन २०८१ किलोजूल प्रतिमोल अशी मूल्ये आहेत. बोरॉनपाशी ती घटते, कारण तेथे तुलनेने सैल बांधलेला २पी इलेक्ट्रॉन निघतो. ऑक्सिजनपाशी दिसणारी घट काही लेखक एकाच कक्षकातील दोन इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणाने, तर काही नायट्रोजनमधील तीन समांतर परिवलनांच्या (स्पिनच्या) विनिमय ऊर्जेने, म्हणजे समांतर परिवलनांमुळे मिळणाऱ्या जादा स्थैर्याने, स्पष्ट करतात.

झिर्कोनियम व हाफ्नियम यांच्या अणुत्रिज्या जवळजवळ सारख्या असतात, याचे मुख्य कारण मधल्या १४ मूलद्रव्यांत ४एफ उपकवच भरत असताना होणारे आकुंचन हे आहे. हाफ्नियम खनिजांत झिर्कोनियमसोबतच सापडते आणि १९२३ मध्ये कोपनहेगन येथे कोस्टर व हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजांतच क्ष-किरण वर्णपटाने ते ओळखले.

अतिजड मूलद्रव्यांविषयी प्रायोगिक माहिती तुटपुंजी आहे. लॉरेन्सियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन ६डी ऐवजी ७पी मध्ये असावा असे गणिताने सुचवले होते, व २०१५ मध्ये मोजलेली त्याची आयनीभवन ऊर्जा, सुमारे ४.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्याच्याशी सुसंगत आहे. अणुक्रमांक १०४ पासून पुढची संरूपणे केवळ गणनेवर आधारलेली आहेत.