आर्कराईट की कार्टराईट? दोन इंग्रजी आडनावांचा गुंता

औद्योगिक क्रांती वाचताना सूत कातायचं मशीन कोणाचं आणि यंत्रमाग कोणाचा, यात आर्कराईट आणि कार्टराईट यांची अदलाबदल हमखास होते. यात मुलांचा दोष नाही हो, नावंच तशी आहेत, पण एकदा आडनावांचं मूळ कळलं की गोंधळ बराच कमी होतो.

दोन्हीतला 'राईट' (wright) म्हणजे कारागीर, त्यातही जास्त करून लाकूडकाम करणारा. सुरुवातीचा डब्ल्यू लिहितात, उच्चारत नाहीत. कार्टराईट म्हणजे गाड्या बनवणारा, विषय संपला. आर्कराईट जास्त इंटरेस्टिंग आहे. आर्क म्हटलं की आपल्याला बायबलमधली नोहाची नौका आठवते, पण उत्तर इंग्लंडमध्ये आर्क म्हणजे झाकणाची मोठी लाकडी पेटी, पीठ नि धान्य साठवायची, ओकच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी ठोकून जोडलेली. नोहाचा आर्कसुद्धा मुळात लॅटिन 'आर्का' म्हणजे पेटीच. तर अशा पेट्या करणारा तो आर्कराईट.

आता एक आडनाव इतकं कॉमन आणि दुसरं इतकं दुर्मिळ का? गाडी प्रत्येक गावाला लागायची, त्यामुळे कार्टराईट हे नाव अनेक ठिकाणी, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घराण्यांना आपापलं लागलं आणि आज ब्रिटनमध्ये हजारो कार्टराईट आहेत, मिडलँड्समध्ये, स्टॅफर्डशायरच्या बाजूला तर खूपच. पिठाच्या पेटीला आर्क म्हणायची पद्धत मुख्यतः उत्तरेची, त्यामुळे हे आडनाव लँकशायरच्या आसपासच रुजलं, घराणी मोजकीच राहिली, आजही ते कमीच ऐकू येतं आणि ऐकलंच तर मूळ बहुतेक लँकशायरचं निघतं.

आणि हे दोघे काही गाड्या-पेट्या बनवत नव्हते, कारण आडनावं मध्ययुगातच ठरून गेली होती. रिचर्ड आर्कराईट 1732 मध्ये लँकशायरच्या प्रेस्टनला जन्मला, धंद्याने न्हावी, केसांचे टोप बनवायचा. 1769 मध्ये त्याने वॉटर फ्रेमचं, म्हणजे सूत कातायच्या मशीनचं पेटंट घेतलं, 1771 मध्ये डर्बीशायरला क्रॉमफर्डची गिरणी काढली. म्हणजे सूत. एडमंड कार्टराईट नॉटिंगहॅमशायरचा, चर्चमधला पाद्री, त्याच्या यंत्रमागाचं पेटंट 1785 चं. म्हणजे कापड.

सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. 1784 मध्ये कार्टराईट मॅटलॉकला गेला होता, क्रॉमफर्डच्या अगदी शेजारी, तिथे मँचेस्टरच्या लोकांशी बोलताना विषय निघाला की आर्कराईटचं पेटंट संपलं की इतक्या गिरण्या निघतील, इतकं सूत निघेल की ते विणायला माणसं मिळणार नाहीत. त्यावर याचं म्हणणं, मग आर्कराईटने विणायचं मशीन पण शोधावं. ते लोक म्हणाले अशक्य, आणि याने स्वतःच करायला घेतलं! म्हणजे आधी आर्कराईटचं सूत आणि त्या सुतामुळे कार्टराईटचा माग, हा क्रम लक्षात ठेवला की अदलाबदल होतच नाही. मुंबईच्या गिरण्यांत कताई आणि विणाई अशी वेगळी खाती असायची, त्यांच्या मशीनची वंशावळ मागे नेली तर याच दोघांपर्यंत पोचते.

वंशावळ शोधणाऱ्यांना पण हा फरक कामाचा आहे. दोन आर्कराईट भेटले तर त्यांचा पूर्वज एक असण्याची शक्यता बरी असते, लँकशायरची चर्चची जुनी रजिस्टरं चाळून बघण्यात अर्थ आहे. दोन कार्टराईटच्या बाबतीत नुसत्या आडनावावरून नातं धरू नये, आधी गाव विचारावं.