पाच टनांचा हिशोब: मिरज–लातूर छोट्या गाडीची पार्श्वभूमी

लातूरचा रेल्वे डबा कारखाना 2018 साली जाहीर झाला, तेव्हा तिथे मेट्रोचे डबे तयार होणार असं सांगितलं गेलं होतं. 31 मार्च 2018 ला पायाभरणी झाली, 25 डिसेंबर 2020 ला डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला आणि पुढे कारखान्याचं काम वंदे भारत स्लीपर गाड्यांकडे वळलं. मराठवाड्याला त्याचं अप्रूप असणारच. पण या गोष्टीत सांगली जिल्ह्याचाही वाटा आहे. मिरजेहून आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव अशी थांबत पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे लातूर गाठणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यासाठी लातूर हे आपल्याच रुळांचं दुसरं टोक. एका मार्गासाठी गाड्यांचा अख्खा ताफा एकत्र विचार करून कसा आखावा, याचा वस्तुपाठ या रुळांनी सव्वाशे वर्षांपूर्वी घालून दिला.

बार्शी ही मोठी बाजारपेठ. पण मुंबई–मद्रास मुख्य मार्ग तिला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरी केलेले इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही उणीव हेरली, 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी–बार्शी हा 21 मैलांचा मार्ग सुरू केला. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर.

कॅलथ्रॉप यांनी सगळी आखणी एका आकड्यावरून केली. इंजिन असो वा वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. हा आकडा ठरला आणि बाकीचं त्यातून आपोआप ठरत गेलं. रूळ यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचा पुरला. आज मुख्य मार्गावर मीटरला 60 किलोचा रूळ असतो, त्यावरून अंदाज यावा. रूळ हलका म्हणून खर्च कमी. खरी अडचण इंजिनाची होती, कारण ओढायला ताकद हवी तर वजन हवं. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या पाच इंजिनांना म्हणून बारा चाकं होती. आठ चाकं एकमेकांना जोडलेली, ओढणारी. मागची चार नुसता भार वाहणारी. सहा आसांवर वजन वाटलं गेलं आणि रुळाला झेपलं. मालवाघिणींचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा होता. वाघिणीचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितका माल जास्त, हे त्यामागचं साधं गणित. लांबी 25 फूट, रुंदी 7 फूट, आणि मालवाघीण कुठलीही असली तरी खालचा सांगाडा तोच. दुरुस्तीच्या कामात याचं मोल फार मोठं असतं. गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्या चालवून पाहिल्या होत्या.

आजची मेट्रो याच पद्धतीने आखली जाते. आसावरचा भार आधी ठरतो, कारण खांब, पूल आणि रूळ त्या हिशोबाने बांधायचे असतात. भारतातल्या नव्या मेट्रोंमध्ये तो साधारण 16 टनांच्या आसपास असतो. पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत तेही वजनासाठीच. डबा हलका असेल तर वीज कमी लागते आणि पुलावरचा ताणही कमी होतो. सांगलीहून पुण्याला जाऊन मेट्रोत बसणाऱ्या मुलांना हे कोणीतरी आवर्जून सांगायला हवं.

बार्शी लाइट 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारले. एकूण मार्ग झाला 202 मैलांचा, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागातल्या गावांना मिरजेचा बाजार आणि मिरजेची इस्पितळं याच गाडीने जवळ आणली. वारीच्या दिवसांत टपावर बसून जाणारे वारकरी जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात.

1 जानेवारी 1954 ला सरकारने ही रेल्वे विकत घेतली. 1971 मध्ये पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मापाचं, झालं. लोंढ्याकडे त्याहून अरुंद मीटरगेज होतंच, पंढरपूरकडे छोट्या गाडीचं सर्वांत अरुंद नॅरोगेज. तीन मापांचे रूळ एकाच जंक्शनात असण्याचं मिरजेला कौतुक होतं, पण त्याची किंमत हमालाच्या पाठीने मोजली. छोट्या गाडीतून आलेलं पोतं उतरवायचं आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवायचं. वेळ गेला, मजुरी गेली, माल सांडला. माल हळूहळू ट्रककडे गेला. ज्या 5 टनांनी ही रेल्वे परवडण्याजोगी केली, तोच आकडा आता तिच्या पायात आला. या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झालं. मिरज–पंढरपूर हा टप्पा सगळ्यात शेवटी.

रुंदीकरणाचा उपयोग 2016 च्या एप्रिलमध्ये दिसला. लातूरच्या नळांना पाणी उरलं नव्हतं. राजस्थानातल्या कोटा इथल्या कार्यशाळेत टँकर वाघिणी वाफेने धुऊन मिरजेला आणल्या, त्यात कृष्णेचं पाणी भरलं. मिरजेतली हैदरखान विहीरही या कामी आली. 12 एप्रिलला पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणी जाऊ लागल्या. दहा वाघिणींत 5 लाख लिटर, म्हणजे एकीत 50 टन पाणी. चार आसांवर विभागलं तरी नुसत्या पाण्याचा भार प्रत्येकी साडेबारा टन, वाघिणीचं वजन वेगळंच. जुन्या रुळांवर अशी एक वाघीणही उभी करता आली नसती.

आता लातूरला वंदे भारत स्लीपर गाड्यांचं कंत्राट आहे आणि त्यात 35 वर्षांची देखभालही आली. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी बनवणाऱ्यालाच ती सांभाळायची असेल, तर बोल्ट कुठे बसवला की कारागिराचा हात पोचेल, याचा विचार नकाशा काढतानाच होतो. मेट्रोतही हेच आहे. दिल्लीच्या पहिल्या गाड्या 2002 च्या. त्या ताफ्याचं आयुष्याच्या मध्यावरचं नूतनीकरण आता हाती घेतलेलं आहे, आणि सांगाडा उत्तम असेल तरच असा खर्च परवडतो.

बार्शी लाइटच्या गाड्यांची देखभाल कुर्डुवाडीच्या कार्यशाळेत होई. छोटी गाडी गेली तरी ती कार्यशाळा चालू राहिली, आणि नेरळ–माथेरानच्या गाडीचे डबे मोठ्या दुरुस्तीसाठी तिथेच येतात.