पोर्ट २५, ५८७ आणि ४६५: बाहेर जाणारी मेल रांगेत का अडकते, याची पार्श्वभूमी
तुमच्या मेल सर्व्हरच्या रांगेतली प्रत्येक मेल ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दाखवत असेल, तर दोन-तीन वेगवेगळ्या डोमेनच्या एमएक्स होस्टना (त्या डोमेनची मेल घेणाऱ्या सर्व्हरना) पोर्ट २५ वर टेलनेट करून, म्हणजे कमांड लाइनवरून थेट जोडून पाहावं. एकाकडूनही २२० ची (सर्व्हर तयार असल्याची) ओळ आली नाही, तर बहुतेक वेळा बाहेर जाणारा २५ नेट पुरवणाऱ्यानेच बंद केलेला असतो. १९८२ च्या मूळ एसएमटीपीमध्ये (मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) मेल लिहिणाराही याच पोर्टवर यायचा आणि सर्व्हर-सर्व्हरमधली मेलही इथूनच जायची. पुढे व्हायरस लागलेले संगणक थेट २५ वरून स्पॅम पाठवू लागले, म्हणून घरगुती जोडण्यांवर आणि मग कित्येक क्लाउड सेवांवर तो अडवला गेला. राहिला मार्ग रिलेचा, म्हणजे आपली मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा, आणि तिथे ४६५ लावायचा की ५८७, इथेच लोक अडतात.

या गोंधळाचं मूळ १९९७-९८ मध्ये आहे. १९९७ मध्ये ४६५ ची नोंद ‘एसएमटीपीएस’साठी झाली: जोडणी होताच आधी एन्क्रिप्शन, मग संवाद. पण लगेचच मानक ठरवणाऱ्यांचं मत फिरलं. संवाद साधा सुरू व्हावा आणि स्टार्टटीएलएस ही आज्ञा दिल्यावर त्याच पोर्टवर एन्क्रिप्शन चालू व्हावं, असं ठरलं. ४६५ ची नोंद रद्द झाली आणि नंतर तो क्रमांक मल्टिकास्टशी संबंधित भलत्याच सेवेला दिला गेला. डिसेंबर १९९८ मध्ये मेल सर्व्हरकडे सोपवण्यासाठी ५८७ आला.

एका सेवेसाठी दोन पोर्ट अडवू नयेत, हा युक्तिवाद समजण्यासारखा होता. निर्णय मात्र चुकला. ४६५ वापरणारी सॉफ्टवेअर्स तोवर पसरली होती आणि अनेक सेवांनी तो पोर्ट चालूच ठेवला. शिवाय स्टार्टटीएलएसच्या आधीचा संवाद उघडा असतो. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने सर्व्हरच्या ‘२५०-स्टार्टटीएलएस’ या उत्तराच्या जागी नुसते एक्स भरले, की क्लायंटला एन्क्रिप्शनची सोय दिसतच नाही. सक्ती नसेल तर मेल उघडी जाते, असेल तर रांगेत पडून राहते. अखेर जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाने ४६५ ला पुन्हा मान्यता दिली. मधल्या वीस वर्षांत सेटिंगच्या यादीत ‘एसएसएल’ म्हणजे ४६५ आणि ‘टीएलएस’ म्हणजे ५८७, असा चुकीचा अर्थ रुजला. खरं तर ही एकाच एन्क्रिप्शन प्रोटोकॉलच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची नावं. दोन्ही पोर्टवर आज टीएलएसच चालतं.

याचा परिणाम लॉगमध्ये दिसतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये रिलेहोस्ट (रिलेचा पत्ता) ४६५ वर नेला आणि बाकी सेटिंग ५८७ चीच ठेवली, तर पोस्टफिक्स २२० ची वाट पाहत बसतो आणि समोरचा सर्व्हर टीएलएसच्या पहिल्या संदेशाची. दोघेही गप्प, मग टाइमआउट. इथे पासवर्ड बदलून काही होत नाही, कारण गोष्ट लॉगिनपर्यंत पोचलेलीच नसते. आवृत्ती ३.० पासून ‘एसएमटीपी_टीएलएस_रॅपरमोड’ला (जोडणी होताच टीएलएस सुरू करणाऱ्या सेटिंगला) यस आणि सिक्युरिटी लेव्हलला एन्क्रिप्ट द्यायचं, त्याआधी मध्ये एसटनेल हा टीएलएस जोडणारा वेगळा प्रोग्राम बसवावा लागे. रॅपरमोड चालू ठेवून ५८७ वर गेलात, तर ‘राँग व्हर्जन नंबर’ येतो: साधी २२० ची ओळ टीएलएस म्हणून वाचली जाते. काही डोमेनना मेल थेट २५ वरून जात असेल, तर रॅपरमोड मेन.सीएफमध्ये (सगळ्या मेलला लागू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) नको. मास्टर.सीएफमध्ये (सेवांच्या फाइलमध्ये) रिलेसाठी वेगळी सेवा करून तिथेच द्यावा.

हे सगळं उशिरा लक्षात येतं, कारण पोस्टफिक्स मुळात ५ दिवस प्रयत्न करत राहतो आणि उशिराची सूचना मुळात बंद असते. ‘डिले_वॉर्निंग_टाइम’ ४ तासांवर ठेवलेला बरा.

रिले लागला की पाठवणारा आयपी बदलतो, तो एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात या डीएनएसमधल्या यादीत, घालावा लागतो. २००६ च्या मानकापासून तिथे १० डीएनएस शोधांची मर्यादा आहे. ११ वा ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या डोमेनची यादी जोडणारा शब्द) आला की सगळी तपासणी पर्मएररमध्ये (कायमच्या चुकीत) जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला सुमारे ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्ही तपासण्या ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळतात का, हे पाहणारा नियम) तिन्ही मागतं. एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही तपासण्या फसल्या की मेल नाकारून ५५० ५.७.२६ हा कोड येतो. अशा वेळी डीकेआयएमच्या सहीतला ‘डी=’ आधी पाहावा: तिथे रिलेवाल्याचं डोमेन असेल, तर सही खरी असूनही डीमार्कच्या लेखी ती तुमची नसते.