घेर गेला, घेर आला : २०१० च्या दशकातली पँट आणि इंदूरचा शिंपी

२००५ च्या सुमारास पुरुषाची पँट शिवायला टाकली की इंदूरचा शिंपी मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचा घेर, साधारण १७ ते १९ इंच धरायचा. पुढे दोन चुण्या, कापड भिलवाड्याचं पॉलिएस्टर-व्हिस्कोस, ५८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर. २०१५ येईपर्यंत तरुण गिऱ्हाईक तेरा मागू लागलं, काही जण बारासुद्धा. दशक सरता सरता हीच मंडळी 'जरा मोकळी ठेवा' म्हणू लागली. त्या दहा वर्षांत जगाच्या अंगावर काय चढलं आणि काय उतरलं, त्याची यादी फार लांब होईल. खांद्याला भोक पाडलेले टॉप आले, कमरेला झालर लावलेले आले, बाळसेदार बूट आले. त्यातलं बरंचसं हंगामी होतं. पँटचा घेर मात्र सगळ्यांच्या अंगावरून गेला आणि त्यामागचं कारण कापडातच होतं.

साध्या, न ताणणाऱ्या कापडाची मोहरी किती अरुंद करायची याला पाऊलच मर्यादा घालतं. टाच आणि पायाची वरची कमान यांवरून तिरका टेप फिरवला तर बहुतेक प्रौढ पुरुषांचं माप १३-१४ इंच भरतं. मोहरी त्याहून कमी ठेवली तर पँट पायात जातच नाही. १३ ची मोहरी मागणाऱ्याला शिंपी आधी 'बसून दाखवा' म्हणायचा ते याच कारणानं. त्याखाली जायचं असेल तर कापड तरी ताणलं पाहिजे, नाहीतर घोट्याशी चीर ठेवून हुक लावला पाहिजे.

आपल्याकडच्या चुडीदाराने हा प्रश्न कधीच सोडवला होता, तोही रबराच्या धाग्याशिवाय. चुडीदार उरेब कापतात, म्हणजे कापडाचा ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) पायावर तिरपा येतो आणि साधं सुती कापडही तिरप्या अंगाने ताणलं जातं. लांबी पायापेक्षा आठ-दहा इंच जास्त ठेवायची म्हणजे घोट्यावर चुड्या पडतात. मोहरीला चीर आणि हुक. कापड जास्त लागतं, आधी पिशवीसारखं जोडून मग तिरपं कापावं लागतं. कापणाऱ्याचा हात चुकला तर एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त पिळतो आणि शिलाई नडगीवर येऊन बसते. हे कसब असलेले कारागीर पूर्वी गल्लोगल्ली होते.

न उरेब कापता, न हुक लावता पायाला चिकटणारं कापड अमेरिकेच्या प्रयोगशाळेतून आलं. ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये इलॅस्टेनचा धागा तयार केला, तो लायक्रा या नावाने विकला गेला. हा धागा मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणूनही परत जागेवर येतो. सुरुवातीला तो गेला कंबरपट्टे, अंतर्वस्त्रं आणि पोहण्याच्या कपड्यांत. जीन्समध्ये तो बायकांच्या मापांतून हळूहळू शिरला. पद्धत अशी की इलॅस्टेनचा धागा मधे आणि त्याभोवती कापूस पिळलेला. बाहेरून बघणाऱ्याला सुतीच वाटतं. असा धागा डेनिममध्ये, म्हणजे जीन्सच्या कापडात, फक्त बाण्यात, म्हणजे आडवा घालतात. प्रमाण असतं जेमतेम १ ते ३ टक्के, पण मापाचं सगळं गणित त्या दोन टक्क्यांनी बदललं. जुनी जीन्स चौरस यार्डाला १३-१४ औंसांची, नवी ९ ते ११ औंसांची. हलकी, मऊ आणि दोन मापं लहान घेतली तरी चढणारी.

आकार आधी आला होता, कापड नंतर पोचलं. डिझायनर एदी स्लिमान यांनी २००० ते २००७ या काळात दिऑर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पुरुषी कपड्यांत काडीसारखी पँट आणली. अंगावर घालायला माणूसही तसाच लागायचा. ताणणाऱ्या डेनिममुळे तो आकार सर्वसाधारण मांडीच्या माणसाला परवडू लागला. त्यात मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस पौंडाला २ डॉलरच्या वर गेला, त्या वेळचा तो विक्रम होता. खरगोनच्या मंडीत कापूस विकणाऱ्या निमाडच्या शेतकऱ्याला असे भाव काय असतात ते ठाऊक आहे. गिरण्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की कापसात पॉलिएस्टर घालायला आणखी एक कारण मिळालं. स्वस्त स्किनी जीन्सचा पुढचा पूर त्याच मिश्रणाचा.

इंदूरच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या गिरण्यांचीही तीच गत झाली. हे दशक उजाडलं तेव्हा शहर कापड विणत नव्हतं, विकत होतं. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि सीतलामाता बाजार यांच्या गाद्यांवर अहमदाबादचं डेनिम, सुरतेचं सिंथेटिक आणि भिलवाड्याचं सूटिंग येऊन पडायचं. कापड ताणतं की नाही हे गादीवरचा मुनीम दोन्ही अंगठ्यांनी ताणून दाखवायचा. कोणत्या दिशेला ताणतं, हे सांगण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जायची.

पहिला घोळ तिथेच झाला. पँटचे भाग ताण आडवा येईल असेच कापले पाहिजेत. कटपीसमध्ये कापड वाचवायला भाग आडवे ठेवले की ताण उभा होतो. मग कंबर आणि मांडी अजिबात सैल होत नाही, पँट मात्र लांबीला ओघळते. दुसरा घोळ घाईचा. थानावर ताणून गुंडाळलेलं कापड सुटल्यावर आखडतं. ते उलगडून चोवीस तास सपाट पडू द्यायचं, सुती असेल तर एकदा पाण्यातून काढायचं, मगच कात्री लावायची. तिसरा घोळ सुईचा. जाड, साध्या टोकाची सुई इलॅस्टेनच्या तंतूला भोसकते. लगेच काही दिसत नाही, पण चार-सहा धुण्यांनंतर शिलाईच्या कडेने पांढरे, केसासारखे तंतू बाहेर येतात आणि तेवढा भाग कायमचा ढिला पडतो. डेनिमला १६ नंबरची जीन्सची सुई, लेगिंगच्या होजिअरी कापडाला ११ नंबरची गोल टोकाची. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा, कारण कापड ताणलं की सुती टीप तटकन तुटते, तीही नेमकी आसनाच्या, म्हणजे दोन पाय जुळतात त्या, जागी.

आणि मग इस्त्री. सुती कापडासाठी इस्त्री २०० अंशांच्या आसपास तापवतात, लायक्रासाठी ११० पुरेत. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीला आकडेच नसतात. कडक क्रीजच्या हौसेने दर आठवड्याला तिथे दिलेली स्ट्रेच पँट गुडघ्याला लवकर पिशवी धरते. दोष गुडघ्याचा नसतो, उष्णतेने धाग्याची परत येण्याची ताकद गेलेली असते. क्लोरीनचं ब्लीच आणि भर उन्हातली वाळवण हेच काम सावकाश करतात. उलटी करून, सावलीत, आडवी वाळवली तर तीच पँट बऱ्यापैकी जास्त टिकते.

बायकांच्या कपड्यांत या दशकाने जास्त उलथापालथ केली. ९५ टक्के सुती आणि ५ टक्के लायक्राची लेगिंग रस्त्यावर ढिगाने मिळू लागली आणि चुडीदार शिवणं जवळपास थांबलं. सलवारचा नेफा, आसनातली म्यानी (जोडलेला तुकडा), नाडी हे सगळं एका इलॅस्टिकने उडवलं. कुर्ता सुटा विकला जाऊ लागला, त्याची 'कुर्ती' झाली. पण पातळ होजिअरीचा एक दोष जगभर सारखाच होता. वाकलं की कापड ताणून जाळी पडते. मार्च २०१३ मध्ये लुलुलेमन या कॅनडाच्या योगवस्त्रांच्या कंपनीला याच कारणाने बायकांच्या काळ्या पँटींचा मोठा साठा दुकानांतून परत घ्यावा लागला होता. घेताना कसोटी सोपी आहे : आत मूठ घालून कापड ताणायचं, बोटांचा रंग दिसला तर ठेवून द्यायचं. चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या खालची लेगिंग या कसोटीला सहसा उतरत नाही.

२०१३-१४ च्या सुमारास पलाझो आली, ही लेगिंगची प्रतिक्रियाच म्हणायची. मालव्याच्या मे महिन्यात चिकटलेल्या लायक्रापेक्षा रेयॉनची घोळदार पलाझो बरी, हे कुणी शिकवावं लागलं नाही. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर रेयॉन लागतं. ते पहिल्या धुण्यात चांगलंच आखडतं म्हणून आधी भिजवायचं. कापून-शिवून झाल्यावर लगेच मोहरी दुमडायची नाही, रात्रभर टांगून ठेवायची. घेराचा तिरपा भाग वजनाने खाली उतरतो. तो उतरू न देता तुरपाई केली की दोन धुण्यांत कडा वरखाली होतात.

मराठी घरांत याच काळात आणखी एक वस्त्र शिंप्याकडे गेलं, ते म्हणजे नऊवारी. शिवलेली नऊवारी बाहेरून लुगडं असली तरी बांधणीने पँटच आहे. दोन पाय, मागे शिवून टाकलेला काष्टा, कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी, निऱ्या एका पट्टीवर पक्क्या. पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसायचं, फोटो काढायचे, मग संध्याकाळपर्यंत सुटायला नको. नेसता येणाऱ्या आज्यांनी नाकं मुरडली ती समजण्यासारखी आहेत. शिवताना एकच गोष्ट बिघडते : काष्टा उभं राहून मापला जातो. बसल्यावर मागची लांबी दोन-तीन इंच जास्त लागते, म्हणून कंबर ते कंबर आसनाचं माप बसवूनच घ्यावं.

हे सगळं इतक्या वेगाने पसरलं त्याचं कारण हातातल्या फोनमध्ये होतं. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. पूर्वी मुंबईची फॅशन सिनेमातून येताना एखादं वर्ष घ्यायची, आता राजवाड्यावरच्या दुकानदाराला गिऱ्हाईकच आदल्या दिवशीचा फोटो दाखवू लागलं. तयार कपड्यांची परदेशी कंपनी झारा २०१० मध्ये भारतात आली, एच अँड एम २०१५ मध्ये. त्यांच्या आकाराची नक्कल निम्म्या किमतीत फुटपाथवर पोचायला फार दिवस लागत नसत. त्या स्वस्ताईची किंमत कुठे मोजली गेली ते २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ दिसलं. राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. फिकट, झिजलेली जीन्सही अशीच महाग पडली होती. ती वाळूच्या फवाऱ्याने घासायची, त्यातून तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग झाला. तिथे २००९ मध्ये बंदी आली आणि लिव्हाइज व एच अँड एम यांनी २०१० मध्ये ही पद्धत सोडली.

घेर परत आला तो वरून. आधी कंबर चढली. बायकांच्या जीन्सचं आसन (इथे आसनाच्या जोडापासून कमरेपर्यंतची उंची) सात-आठ इंचांवरून दहा-अकरावर गेलं. २०१५ मध्ये डिझायनर डेम्ना बालेन्सियागा या फॅशन कंपनीत आले आणि मोठ्या, ढगळ मापांना प्रतिष्ठा मिळाली. २०१७ च्या त्यांच्या थोराड 'ट्रिपल एस' बुटांवर बारा इंची मोहरी बसतच नाही. बूट फुगले की मोहरी रुंदावते, हा नियम बेलबॉटमच्या काळातही खरा होता. पाठोपाठ सरळ पायाची जीन्स आली, मग उंच कमरेची, सैल मॉम जीन्स, आणि २०२० च्या टाळेबंदीने उरलेला घट्टपणा संपवला.

कपाटात राहिल्या त्या दशकभर आवळून घेतलेल्या पँटी. अरुंद करणं केव्हाही जमतं, रुंद करणं शिंप्याने आत काय सोडलंय त्यावर असतं. तयार पँटच्या आत जेमतेम एक सेंटिमीटर दाब, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, असतो, तिथे काही करता येत नाही. शिवून घेतलेल्या पँटला मागच्या शिलाईत इंच-दीड इंच आणि पायाच्या शिलाईत पाऊण इंच दाब मिळू शकतो, फक्त आवळताना तो कापून टाकलेला नसावा. त्यामुळे पँट आवळायला देताना 'आतलं कापू नका' एवढं बजावून सांगावं. आवळायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी आवळावी. एकाच बाजूने दीड इंचापेक्षा जास्त आत घेतलं की शिलाई पुढे सरकते आणि पाय पिळल्यासारखा दिसतो. जीन्समध्ये दुहेरी टीप असलेली बाजू उसवायची पाळी येईल तर आधी दोऱ्याचा रंग आणि जाडी जुळते का ते पाहावं, नाहीतर दुरुस्ती लांबून ओळखू येते.

दाब नसेल तर एक उपाय उरतो, तो २०१७-१८ च्या ट्रॅकपँटच्या लाटेनेच चालता केला. बाहेरची शिलाई उसवून त्यात वेगळ्या रंगाची पट्टी घालायची. तयार पट्टी दीड इंच रुंद राहावी म्हणून कापताना दोन्हीकडे अर्धा इंच जास्त धरावा. मोहरी दीड इंचाने वाढते, मांडीही सैल होते. पट्टी कमरेच्या बेल्टपासून थेट खालपर्यंत घ्यावी. गुडघ्याखालीच लावली तर पाय बेलबॉटमसारखा फाकतो. पँट ताणणारी असेल तर पट्टीही ताणणारी हवी, नाहीतर दोन धुण्यांत त्या जागी चुण्या पडतात. जुन्या जीन्सवर मूळ शिलाईच्या कडेने गडद निळी रेघ उरते, ती धुऊन जात नाही. पट्टी काळी किंवा गडद निळी निवडली तर ती रेघ डोळ्यांत भरत नाही.