म्हातारा ट्रॅक्टर ट्रॉलीला जुंपताना

रोटाव्हेटर जोडला की काळा धूर ओकणारा, नांगराला दम न धरणारा ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर विदर्भात गावोगावी गोठ्याच्या कडेला उभा दिसतो. 'इंजिन बसलं' म्हणून तो भंगारात जातो. पण वावरात शेणखत नेणं, पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) आणि कुटार (मळणीचा भुसा) घरी आणणं, संत्र्याचे क्रेट बांधापासून रस्त्यापर्यंत पोचवणं, या कामांना इंजिनची ताकद फार थोडी लागते. ही कामं अडतात चाकाची पकड, हुकाची उंची आणि ब्रेक यांपाशी.

हिशेब करून पाहा. ट्रॅक्टर १.८ टन, रिकामी ट्रॉली एक टन, माल दोन टन, एकूण ४.८ टन. वाळलेल्या, चाकोरी बसलेल्या पांदणीवर चाकं गडगडत ठेवायला एकूण वजनाच्या साधारण ६ टक्के ओढ लागते, म्हणजे २९० किलो. ताशी १० किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला ११ एचपी पुरतात. गिअरबॉक्समधली घट धरली तरी १३. घासलेलं ३५ एचपीचं इंजिन २० एचपी देत असेल, तरी काम निभावतं.

आता त्याच पांदणीवर पाऊस पडू द्या. काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा असतो. पाणी पिऊन ती टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हे सगळ्यांत वाईट. चाकं रुतली की लागणारी ओढ वजनाच्या २० टक्क्यांवर, म्हणजे ९६० किलोवर जाते. पकड मात्र मागच्या चाकांवरच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास उरते. मागे ट्रॅक्टरचे ११०० आणि ट्रॉलीच्या दांडीचे ३०० असे १४०० किलो धरले, तर मिळणारी ओढ ४२० किलो. इथे ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर आणला तरी तोही जागच्या जागी चाकं फिरवेल. माल पूर्ण उतरवला तरी ट्रॅक्टर आणि रिकाम्या ट्रॉलीला ५६० किलो ओढ लागतेच. उपाय एकच: पांदण वाळू द्या.

अमेरिकेत हिरवळ कापायची, बसून चालवायची जुनी यंत्रं घरच्या ओढकामाला लावतात. तिथेही हाच नियम दिसतो. यंत्र १८ एचपीचं, पण वजन अडीचशे किलोच्या आसपास. त्यामुळे गवतावर शंभर किलोभर ओढ मिळाली तरी पुष्कळ. तिथले लोक पात्यांचा डबा काढून टाकतात, मागच्या चाकांना वजनं आणि साखळ्या लावतात, आणि गाडा हलका ठेवतात. कारण त्या यंत्रातली गिअर आणि आस यांची एकत्र पेटी नाजूक असते, जास्त ओढीत तीच आधी जाते. आपला जुना ट्रॅक्टर या बाबतीत फार दणकट.

कोरड्या रस्त्यावर पकड वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे मागच्या टायरांत पाणी. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून पुढची चाकं दगड लावून अडवा, मागचं एक चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह अगदी वर येईल असं फिरवा आणि व्हॉल्व्हची पिन काढा. पाणी सोडा, मधे थांबून आतली हवा निघू द्या. व्हॉल्व्हमधून पाणी परत येऊ लागलं की बंद करा. टायर तीन-चतुर्थांश भरलेला असतो, १२.४-२८ मापाच्या टायरात हे पाणी दीडशे लिटरच्या आसपास बसतं. मग पिन लावून हवा भरा. टायर काठोकाठ भरू नका. पाणी दबत नाही, खड्ड्याचा हादरा थेट रिमवर आणि टायरच्या बाजूंवर जातो. थंड मुलुखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, आपल्याकडे साधं पाणी चालतं. पुढे हवा तपासताना दर वेळी व्हॉल्व्ह वरच हवा.

हुकाची गोष्ट जिवावरची आहे. ट्रॉली नेहमी मागच्या आसाच्या खालून ओढली गेली पाहिजे, जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर. टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या मधल्या दांडीच्या) जागी साखळी अडकवून रुतलेली ट्रॉली काढायला गेलात, की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. ८०० किलोच्या ओढीत, पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये १.९ मीटर अंतर असेल आणि हूक ४५ सेंटिमीटरवर असेल, तर पुढचं वजन १९० किलोने कमी होतं. हूक ७५ सेंटिमीटरवर नेला तर तेच ३१५ किलो. लिफ्टच्या दोन हातांत नुसता पाटा टाकून ट्रॉली जोडणंही तितकंच धोक्याचं: लिफ्ट वर सरकली की हूक वर येतो. पाट्याला दोन्ही बाजूंनी पक्के आधार लावा, नाहीतर हाउसिंगचा मूळ हूकच वापरा. पिनला खालून क्लिप हवीच.

ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, आणि ट्रॉलीला बहुधा नसतातच. म्हणजे ४.८ टनांचा सगळा भार त्या दोन चाकांनी थांबवायचा. वेग २० वरून २५ केला, तर ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. तपासणी रिकाम्या ट्रॅक्टरवर, मोकळ्या रस्त्यावर करा: दोन्ही पेडल कडीने जोडून ताशी १५ च्या वेगात दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला, तर त्याच्या उलट बाजूचा ब्रेक कमजोर आहे. कोरड्या ब्रेकात याचं नेहमीचं कारण म्हणजे आसाचं सील गळून लायनरवर आलेलं तेल. नुसतं पेडल आवळून हे सुधारत नाही. सील आणि लायनर दोन्ही बदला. उतारावर, मेळघाटाकडे तर विशेषच, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडलं की ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलत आडवं करते.

क्लच पाहायला हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका, थोडं ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. पुढची चाकं उचलून वरखाली हलवा, खुळखुळली तर बेअरिंग किंवा किंगपिन गेली आहे. कमजोर लिफ्ट किंवा पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) मात्र खुशाल दुर्लक्षा, ट्रॉली हायड्रॉलिकवर पालथी होणारी नसेल तर. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तिथे हयगय नको.

कुटार आणि कापसाचे तंतू रेडिएटरच्या पत्र्यांत अडकतात. एप्रिल-मेच्या उन्हात हळू, चढाच्या कामात इंजिन तापतं ते यामुळेच. फुंकर पंख्याच्या बाजूने बाहेर मारा, उलट मारली तर कचरा आत रुततो.

राहिलं भरणं. दोनचाकी ट्रॉलीत माल किंचित पुढे ठेवा, दांडीवर भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के येईल इतका. मागे जास्त पडला तर दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलते. पकड आणि ब्रेक दोन्ही जातात. फाळका (ट्रॉलीची बाजूची फळी) भरेपर्यंत टाकायची सवय जुन्या ट्रॅक्टरचा घात करते, कारण प्रत्येक माल सारखा जड नसतो. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, सोयाबीन दोन टनांच्या घरात. तेवढीच कोरडी वाळू साडेचार टन. दहा फूट बाय सहा फूट, दोन फूट उंच फाळक्यांच्या ट्रॉलीत दोन टन म्हणजे सोयाबीन वीस इंच, वाळू नऊ इंच, आणि वाळू ओली असेल तर सात. फाळक्याच्या आतून ऑइलपेंटने या तीन रेघा मारून ठेवा, म्हणजे भरणाऱ्या मजुराला दर वेळी सांगावं लागत नाही.