स्ट्रक्चर्ड डेटा (व्यवसायाच्या वेबसाइटवरील)

स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे संरचित विदा, ही वेबसाइटच्या कोडमध्ये सर्च इंजिनासाठी केलेली नोंद असते. पानावर जी माहिती माणसाला दिसते तीच इथे ठरावीक शब्दांत आणि ठरावीक मांडणीत पुन्हा लिहिलेली असते. पानावरचा ‘९५०’ हा आकडा किंमत आहे की वजन, ‘५’ म्हणजे पाच डझन की पाच तारे, हे वाचणाऱ्याला आजूबाजूच्या मजकुरावरून कळते. यंत्राला मात्र अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकू नये म्हणून ही सोय आहे. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात याला ‘स्कीमा टाकणे’ किंवा ‘स्कीमा लावणे’ म्हणतात.

स्कीमा टाकला की वेबसाइट गूगलवर वर चढते, असे सांगून हे काम सर्रास विकले जाते. ते खरे नाही. केवळ स्ट्रक्चर्ड डेटा आहे म्हणून पानाचा क्रम सुधारत नाही, हे गूगलनेच अनेकदा स्पष्ट केले आहे. त्याने मिळते ती ‘रिच रिझल्ट’साठीची पात्रता, म्हणजे शोधनिकालात निळ्या ओळीच्या जोडीला किंमत, फोटो, तारे, कार्यक्रमाची तारीख वगैरे दिसण्याची शक्यता. ती पात्रताच असते, हमी नव्हे. काय दाखवायचे, कुणाला आणि केव्हा, हे सर्च इंजिन ठरवते. निकाल ठसठशीत दिसला तर लोक त्यावर जास्त क्लिक करतात, आणि व्यवसायाचा खरा फायदा तेवढाच व तिथेच आहे.

इतिहास

पानांना अर्थाच्या खुणा जोडण्याचा विचार जुना आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या ‘सिमँटिक वेब’चा गाभाच तो होता. पण दुकानदाराने ही मेहनत का घ्यावी, याचे उत्तर त्या मांडणीत फारसे नव्हते. ते सर्च इंजिनांनी दिले. याहूने २००८ मध्ये ‘सर्चमंकी’ आणले आणि मे २००९ मध्ये गूगलने ‘रिच स्निपेट’, म्हणजे आजच्या रिच रिझल्टचे जुने रूप, सुरू केले. खुणा केल्या तर निकालात तारे दिसतात, हे कळताच लोक कामाला लागले. अडचण वेगळीच निघाली. खुणा करण्याच्या पद्धती अनेक होत्या, आणि कोणते इंजिन कोणती पद्धत व कोणते शब्द ओळखते याचा मेळ बसत नव्हता.

तो बसवण्यासाठी २ जून २०११ रोजी गूगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामायिक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याच वर्षी रशियातील यांडेक्स हे सर्च इंजिनही त्यात आले. या कामामागचे प्रमुख नाव रामनाथन गुहा यांचे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या गुहांचा आरएसएस आणि आरडीएफ या वेबवरच्या दोन पायाभूत मांडण्या घडवण्यातही हात होता. पहिल्या आवृत्तीत २९७ प्रकार (दुकान, वस्तू यांसारखे) आणि १८७ गुणधर्म (नाव, किंमत यांसारखे) होते. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मोठी भर नोव्हेंबर २०१२ मध्ये पडली. जर्मनीतील मार्टिन हेप यांनी किंमत, साठा, घरपोच सेवा आणि पैसे देण्याच्या पद्धती यांसाठी तयार केलेला ‘गुडरिलेशन्स’ हा शब्दसंग्रह तेव्हा स्कीमा डॉट ऑर्गमध्ये सामावून घेतला गेला. आज प्रकारांची संख्या आठशेच्या पुढे आहे. स्कीमा डॉट ऑर्गनेच दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये ४.५ कोटींहून अधिक डोमेनवर त्याचा वापर होत होता.

कोडमधील रूप

ही नोंद तीन प्रकारे करता येते. मायक्रोडेटा आणि आरडीएफए या पद्धतींत पानाच्या एचटीएमएलमध्येच, म्हणजे पान ज्या कोडने बनते त्यातच, जागोजागी खुणा पेराव्या लागतात. डिझाइन बदलले की त्या हमखास विस्कटतात. तिसरी पद्धत जेसन-एलडी. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला. हिच्यात सगळी माहिती एका वेगळ्या स्क्रिप्टमध्ये एकगठ्ठा लिहिली जाते आणि दिसणाऱ्या मजकुराला हात लावावा लागत नाही. गूगल हीच पद्धत सुचवते. नवे काम करताना बाकीच्या दोन पद्धतींच्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही.

गुणधर्मांची नावे कोडमध्ये रोमन लिपीत आणि ठरलेल्या स्पेलिंगनेच लिहावी लागतात. येथे ती वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. त्यांच्यासमोरचा मजकूर मात्र खुशाल मराठीत असू शकतो.

स्थानिक व्यवसाय

दुकान, दवाखाना, हॉटेल, क्लास अशा गिऱ्हाईक प्रत्यक्ष येणाऱ्या व्यवसायांसाठी ‘लोकलबिझनेस’ हा प्रकार आहे. त्याच्या पोटात बरेच उपप्रकार येतात. दातांच्या डॉक्टरांसाठी ‘डेंटिस्ट’, सराफासाठी ‘ज्वेलरीस्टोअर’, बेकरीसाठी ‘बेकरी’. खानावळीला वेगळा उपप्रकार नाही, तिला ‘रेस्टॉरंट’मध्येच बसावे लागते. जो सर्वांत नेमका असेल तो घ्यायचा. गूगलच्या दृष्टीने सक्तीच्या गोष्टी दोनच, नाव आणि पत्ता. फोन, वेळा, फोटो, दरांचा अंदाज आणि नकाशावरचे स्थान ऐच्छिक असले तरी गिऱ्हाइकाला हवे असते ते त्यातच.

पत्त्याचे रस्ता, गाव, राज्य, पिनकोड आणि देश असे तुकडे करावे लागतात. आपले पत्ते या साच्यात सहज मावत नाहीत. ‘मारुती मंदिरामागे, जुन्या एसटी स्टँडजवळ’ या खुणेशिवाय पोस्टमनलाही घर सापडत नाही, पण पत्त्याच्या साच्यात अशा खुणेसाठी वेगळा रकाना नाही. ती रस्त्याच्या रकान्यातच लिहायची आणि उरलेले काम अक्षांश-रेखांशांवर सोपवायचे. हे आकडे दशांश चिन्हानंतर किमान पाच स्थळांपर्यंत द्यावेत अशी गूगलची सूचना आहे. एवढ्या नेमकेपणाने चूक साधारण मीटरभराची राहते. दोनच स्थळे लिहिली तर दुकान पलीकडच्या पेठेत जाऊ शकते.

वेळा चोवीस तासांच्या घड्याळाने लिहायच्या. दुपारी बंद राहणाऱ्या दुकानाची एका दिवसाची दोन सत्रे स्वतंत्र नोंदवता येतात, सकाळी साडेनऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते साडेआठ अशी. पुण्यातील दुपारची सुट्टी हा विनोदाचा विषय असला तरी दीडच्या उन्हात बंद शटरसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला हसू येत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार यादीतून सरळ गाळायचा. दिवाळीची किंवा पावसाळ्यातील मोठी सुट्टी तारखांची चौकट घालून दाखवता येते. त्या काळापुरती उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ दोन्ही शून्य वाजता लिहिली की ‘बंद’ असा अर्थ होतो. पावसाळाभर जलक्रीडा बंद ठेवणाऱ्या मालवण-तारकर्लीच्या व्यावसायिकांनी हे करायलाच हवे.

मराठी वेबसाइटवर हमखास होणारी एक चूक अंकांची आहे. पानावर ‘₹ १,२५,०००’ असे लिहिलेले चांगलेच दिसते, पण कोडमध्ये किमतीचे आकडे इंग्रजी 0 ते 9 याच चिन्हांत हवेत, हे स्कीमा डॉट ऑर्गने स्पष्ट म्हटले आहे. स्वल्पविराम नको, रुपयाचे चिन्हही नको. चलनासाठी ‘आयएनआर’ हे तीन अक्षरी संकेतचिन्ह वेगळ्या रकान्यात जाते. मराठी भाषांतर करणाऱ्या प्लगइनमुळे (वेबसाइटला जोडायच्या तयार सॉफ्टवेअरमुळे) कधी कधी कोडमधले अंकही देवनागरी होतात, आणि पान दिसायला ठीक असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. नावाचे तसे नाही. नाव देवनागरीत देऊन ‘ऑल्टरनेटनेम’मध्ये रोमन रूप द्यावे. लोक दोन्ही लिपींत शोधतात आणि रोमनमध्ये एकाच नावाची स्पेलिंगे निदान तीन तरी असतात.

एक गोष्ट इथे सांगून टाकलेली बरी. ‘माझ्या जवळचे दुकान’ अशा शोधात नकाशासह जे निकाल येतात ते मुख्यतः ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’मधील, म्हणजे गूगलवरच असलेल्या व्यवसायाच्या नोंदीतील, माहितीवर उभे असतात, वेबसाइटच्या स्कीमावर नव्हे. छोट्या दुकानदाराने आधी ती प्रोफाइल ताब्यात घ्यावी, तिच्यातील वेळा आणि फोन नीट करावेत आणि मग वेबसाइटकडे वळावे. दोन्हीकडे माहिती सारखीच हवी.

एक उदाहरण : हापूसचे पान

देवगडचा एखादा बागायतदार वेबसाइटवरून आंबा विकतो असे धरू. त्याच्या पानासाठी ‘प्रॉडक्ट’ हा प्रकार लागेल. वस्तूचे नाव ‘देवगड हापूस, १ डझन’, सोबत फोटो, वर्णन, आणि ‘ऑफर’ या उपनोंदीत किंमत, चलन व उपलब्धता. एक डझन आणि पाच डझनांची पेटी या दोन वेगळ्या किमतीच्या वस्तू आहेत. त्या एका नोंदीत कोंबल्या की निकालात डझनाची किंमत पेटीसमोर दिसू लागते आणि फोनवर वाद सुरू होतात.

खरी गंमत हंगामाची. जानेवारीत मोहोर पाहून आगाऊ नोंदणी घेताना उपलब्धता ‘प्रीऑर्डर’ असते, माल निघू लागला की ‘इनस्टॉक’, आणि पावसाच्या तोंडावर बाग संपली की ‘आउटऑफस्टॉक’. भाव तर हंगामाच्या सुरुवातीला एक आणि मे अखेरीस दुसराच. ‘प्राइसव्हॅलिडअंटिल’मध्ये भाव कुठल्या तारखेपर्यंत लागू आहे ते देता येते. पानावर ‘या वर्षीचा हंगाम संपला’ अशी पाटी आणि कोडमध्ये मात्र ‘इनस्टॉक’, हे दृश्य जूनमध्ये नेहमीचे असते, कारण पाटी मालकाने बदललेली असते आणि कोड लिहिणारा मार्चमध्येच पैसे घेऊन गेलेला असतो. म्हणून किंमत आणि साठा हाताने न लिहिता विक्रीच्या सॉफ्टवेअरमधूनच कोडमध्ये आपोआप उतरेल अशी व्यवस्था हवी. वूकॉमर्ससारख्या ऑनलाइन दुकानाच्या प्रणालींत ती असते.

नियम, गैरवापर आणि माघार

मूळ नियम एकच : पानावर जे दिसत नाही ते कोडमध्ये लिहू नये. सर्वाधिक मोडला जातो तोही हाच. पानावर एकही अभिप्राय नसताना कोडमध्ये ४.९ तारे आणि हजारभर परीक्षणे लिहिणे ही या धंद्यातील जुनी युक्ती आहे. पकडले गेल्यास गूगल ‘मॅन्युअल अॅक्शन’, म्हणजे माणसाने तपासून केलेली कारवाई, घेते आणि ते पान रिच रिझल्टला मुकते. साध्या निकालातील क्रमावर त्या कारवाईचा परिणाम होत नाही. सप्टेंबर २०१९ पासून तर व्यवसायाने स्वतःच्याच वेबसाइटवर स्वतःविषयी छापलेल्या परीक्षणांचे तारे गूगल दाखवतच नाही. विकाऊ वस्तूंवरील परीक्षणांना ही बंदी लागू नाही.

गैरवापर वाढला की सोय काढून घ्यायची, असा हा खेळ चालत आला आहे. प्रश्नोत्तरांचा स्कीमा लावला की निकालाखाली प्रश्नांची लांब पट्टी दिसे. त्यामुळे केटरिंगपासून सीएच्या ऑफिसपर्यंत सगळ्यांच्या पानांवर कुणी न विचारलेले प्रश्न उगवले. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ही पट्टी सरकारी आणि आरोग्यविषयक अधिकृत वेबसाइटांपुरती मर्यादित केली. पुढच्याच महिन्यात एखादी गोष्ट कशी करावी याच्या पायऱ्या दाखवणारा ‘हाऊटू’ प्रकार गेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये निकालातील शोधचौकट गेली, आणि जून २०२५ मध्ये आणखी सात प्रकार बंद करण्याची घोषणा झाली. चकाकणाऱ्या प्रकारांमागे धावलेल्यांचा खर्च वाया गेला. नाव, पत्ता, वेळा, किंमत या रुक्ष नोंदींना मात्र इतक्या वर्षांत धक्का लागलेला नाही. पैसे मोजके असतील तर ते इथेच घालावेत.

जुनी नोंद न काढल्यानेही त्रास होतो. गूगलची नोकरीशोधाची सोय भारतात एप्रिल २०१८ मध्ये आली आणि ‘जॉबपोस्टिंग’चा वापर वाढला. भरलेल्या जागेची जाहिरात तशीच ठेवणे हा तिथे नियमभंग मानला जातो.

तपासणी आणि परिणाम

तपासण्यासाठी दोन मोफत साधने आहेत. गूगलचे ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’ हे पान कोणत्या रिच रिझल्टला पात्र आहे ते सांगते. स्कीमा डॉट ऑर्गचे व्हॅलिडेटर नोंद शब्दसंग्रहाच्या नियमांत बसते का तेवढेच पाहते. पहिल्यात काही सापडले नाही म्हणजे नोंद चुकलीच असे नव्हे. त्या प्रकारासाठी गूगलकडे दाखवण्याजोगे काही नसेल. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर योस्ट किंवा रँक मॅथ यांसारखी प्लगइन बरेचसे काम आपोआप करतात. तिथे थीमनेही (वेबसाइटच्या रूपाच्या तयार साच्यानेही) स्वतःचा स्कीमा टाकला की एकाच दुकानाच्या दोन नोंदी तयार होतात, आणि एकीत जुना फोन नंबर असतो. कोडमध्ये आधी काय आहे हे पाहिल्याशिवाय नवे काही टाकू नये.

किती फरक पडतो? गूगलने प्रसिद्ध केलेल्या उदाहरणांत रॉटन टोमॅटोज या चित्रपट-परीक्षणांच्या वेबसाइटला स्ट्रक्चर्ड डेटा असलेल्या पानांवर क्लिकचे प्रमाण २५ टक्के जास्त आढळले, तर नेस्लेला रिच रिझल्ट म्हणून दिसणाऱ्या पानांवर ८२ टक्के. या प्रचंड वेबसाइटा आहेत आणि आकडे सोय देणाऱ्यानेच सांगितलेले आहेत. वीस पानांच्या वेबसाइटने त्यावरून हिशेब मांडू नये. स्वतःचा फरक ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या वेबसाइटमालकांसाठीच्या साधनात पाहता येतो. तिथे कोणत्या रूपात दिसल्यावर किती क्लिक मिळाले हे वेगळे काढता येते. गूगलचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, पान पुन्हा वाचेपर्यंत बदल दिसत नाही, त्यात काही दिवस किंवा आठवडेही जातात.

एआय उत्तरे देणाऱ्या शोधसेवा आल्यापासून ‘एआयसाठीचा स्कीमा’ विकणारेही आले आहेत. आपल्या एआय निकालांत येण्यासाठी कोणताही खास स्कीमा लागत नाही, असे गूगलने २०२५ मध्ये सांगितले आहे. दुसरीकडे, मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेल्या गुहांनी त्याच वर्षी ‘एनएलवेब’ हा मुक्त प्रकल्प पुढे आणला. वेबसाइटला साध्या भाषेत प्रश्न विचारता यावेत यासाठी तो स्कीमा डॉट ऑर्गच्या याच नोंदी कच्चा माल म्हणून वापरतो.