वेल पिवळी पडली? आधी मातीत बोट घालून बघा

आमच्या नर्सरीतून मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन नेणाऱ्या ग्राहकांसाठी

‘पानं पिवळी पडतायत’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक वेलींना पाणी कमी नाही, जास्त झालेलं असतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी पिंपं भरताना कुंड्याही भरून घेतल्या जातात, माती ओली असली तरी. त्यात बाहेर पारा ४२-४३ वर, म्हणजे झाड तहानलेलंच असणार असं वाटतं. पण घरातल्या वेलीला ऊन लागत नाही आणि कुलरच्या खोलीत हवा दमट असते. तिथली माती फार सावकाश सुकते.

तेव्हा वार पाहून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या, बशीत साचलेलं ओतून टाका. बोटाला ओली माती चिकटली तर ते पाणी गच्चीवरच्या मोगऱ्याला घाला.

खालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळलं तर काळजी नको. एकदम चार-पाच पिवळी पडली, देठ मऊ झाले, मातीला कुबट वास आला, तर ती मूळकूज. झाड उपसून बघा. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी मूळ चिमटीत ओढलं की साल निसटते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी सगळी कापून टाका. फारच कुजलं असेल तर चांगला शेंडा पेराच्या (पानाचा देठ जिथून फुटतो ती खोडावरची गाठ) खाली कापून पाण्यात ठेवा. मूळ पेरातूनच फुटतं, नुसत्या पानाला फुटत नाही. पुन्हा लावताना शेतातली काळी माती कृपया वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्या.

पानांची टोकं करपली आणि मातीवर पांढरा थर आला, तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठलेत. थर खरवडा आणि नळाचं पाणी भरपूर घालून माती धुऊन काढा. पावसाचं पाणी मिळालं तर सर्वांत उत्तम.

दोन पानांतलं अंतर वाढलं, पिवळे-पांढरे पट्टे जाऊन पान नुसतं हिरवं झालं, तर उजेड कमी पडतोय. खिडकीजवळ ठेवा, पण पश्चिमेचं ऊन नको, एका दुपारीत पानं भाजतात.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते: पानावर फिकट ठिपके, मागे बारीक जाळं. पानाची मागची बाजू पाण्याने नीट धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

या वेलींचं पान चावलं तर तोंडाची आग होते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावरच टांगा.

तरी शंका राहिली तर पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि मातीचा फोटो घेऊन या. पिठ्या ढेकूण लागलेलं झाड मात्र आणू नका, तो इतर झाडांवर लगेच चढतो.